आपल्या रानाचा आराखडा : दहा वर्षांनंतर
(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावचे पाहुणे बोलवावेत, त्यांनी दोन उपदेशाचे शब्द सांगावेत आणि आपण ऐकून घ्यावेत, अशी आपली आजवरची पद्धत. यंदा अध्यक्षबाईंनी ती मोडली. मला म्हणाल्या, "रानाच्या आराखड्याचे तू सांग. पाहुण्यांना त्यातले काय ठाऊक?" मी टाळून पाहिले, पण त्यांच्यापुढे कोणाचे चालले आहे! तेव्हा मी उभी आहे. मी काही वक्ता नव्हे. जे घडले ते घडले तसे सांगेन. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगेन. तेवढी पदरात घ्यावी.

आपले गाव चंद्रपूर जिल्ह्यातले. तीन बाजूंनी रान आणि चौथ्या बाजूला बोडी. हे रान आपले कसे, असे नव्या सुना विचारतात, म्हणून थोडे मागे जाते. मालगुजारी होती तोवर रान, तलाव, पडीत सारे मालगुजाराच्या नावावर असे. १९५१ साली मालगुजारी गेली. लोकांना सरपण, गवत, इमारती लाकूड कोठून आणि कसे घ्यायचे, याची नोंद गावोगावच्या निस्तार पत्रकात झाली. पत्रक तलाठ्याच्या दप्तरात राहिले आणि रान सरकारचे झाले. आपण आपल्याच रानात चोरासारखे जाऊ लागलो. मोळी घेऊन येताना गार्ड दिसला की झुडपाआड बसायचे, हे इथल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक बाईला आठवत असेल.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला. गावाने परंपरेने राखलेले आणि वापरलेले रान सांभाळण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क त्याने गावाला दिला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर रानाचा असा सामूहिक हक्क मिळाला. तो देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी एक. तरीही तिथल्या लोकांना स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याची वाट पाहावी लागली. तो अधिकार २०११ साली त्यांच्या हाती आला. त्यांचे पाहून आसपासची गावे जागी झाली. आपणही अर्ज केला आणि २०१३ साली आपल्याला हक्काचा कागद मिळाला. त्या दिवशी आपण देवळापुढे पेढे वाटले होते.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. ग्रामसभेने समिती नेमावी आणि रानाच्या संरक्षणाचा व व्यवस्थापनाचा आराखडा करावा, असे नियमांत आहे. आपली समिती बसली आणि २०१४ साली आराखडा तयार झाला. समितीची सचिव मी होते. माझे अक्षर बरे आणि दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. नकाशावरच्या रेघाही मीच ओढल्या.

तो आराखडा वाईट होता असे कोणी समजू नये. नाल्यालगतचा, गावाला अगदी चिकटून असलेला तुकडा आपण पूर्ण राखीव ठेवला. तिथे गुरे नाहीत, कुऱ्हाड नाही, मोळी नाही. पाळीपाळीने राखण केली. बोडीतले बेशरम श्रमदानाने उपटले. दहा वर्षांत त्या तुकड्यात काय झाले ते आपल्या डोळ्यांपुढे आहे. जिथे उघडी मुरूम होती तिथे आज ऐन, धावडा, मोह, चार यांची माणूसभर उंच दाटी आहे. नाल्याला पूर्वी पौषात पाणी आटे, ते आता माघापर्यंत टिकते. बाहेरून लोक पाहायला आले, त्यांनी आपल्याला नावाजले. मलाही मोठा अभिमान वाटला. आपल्या हातून एक तरी काम चांगले झाले, असे मी मनाशी म्हणत असे.

मग २०२३ सालचा चैत्र आला.

आपल्यापैकी एका बहिणीवर त्या चैत्रात वाघाने झडप घातली. ती आज पुढच्याच रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊन सांगते आहे, नाव मात्र घेत नाही. मोहफूल रात्री आणि पहाटे गळते. उशीर केला तर गुरे आणि हरणे खाऊन जातात, म्हणून बायका झुंजूमुंजू व्हायच्या आत झाडाखाली असतात. ती वाकून फुले वेचत होती. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटते. वाघ मागून आला. बरोबरच्या दोघींनी डबे बडवले, ओरडून रान डोक्यावर घेतले, म्हणून तो सोडून गेला. त्या दोघी पळाल्या नाहीत, हे या सभेत मुद्दाम सांगितले पाहिजे. ती तीन आठवडे इस्पितळात होती. आजही तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

वाघ वाढले हे खरेच. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. त्यांतले पुष्कळ आपल्याच जिल्ह्यात आणि आजूबाजूला, ताडोब्याच्या बाहेरच्या रानांतही आहेत. रान दाटले, हरणे वाढली, की त्यांच्यामागून वाघ यायचाच. आपण रान राखले त्याचेच हे एक फळ म्हणा.

दुसऱ्याच आठवड्यात ग्रामसभा भरली. अर्ध्या तासात ठराव झाला : सूर्य उगवण्यापूर्वी कोणी रानात जाऊ नये. सर्वांनी हात वर केले. मीही केला. घरी येताना वाटले, चला, काही तरी केले.

नंतर मी तिला भेटायला गेले. लिंबू-साखर घेऊन गेले होते. तिने मला बसायला पाट दिला, चहा ठेवायला मुलीला सांगितले. मी ठरावाचे सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, वेळेचे सगळ्यांनी विचारले. मी तिथे एवढ्या लांब कशाला गेले होते, हे कोणी विचारले नाही."

मी विचारले. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या सासूची मोहाची दोन झाडे नाल्याकाठी होती. घरून दिसायची. तो तुकडा तुम्ही बंद केलात, तेव्हापासून मी टेकडीपलीकडे जाते."

भगिनींनो, त्या तुकड्याभोवतीची रेघ माझ्या हातची होती. नाल्याकाठचा तुकडा का निवडला, ते मला पक्के आठवते. गावाजवळ आहे, राखण सोपी पडेल, पाहुण्यांना दाखवायला बरा, असे सारे म्हणाले. तिथून मोळी कोण आणते, मोह कोण वेचते, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही. ज्यांच्या घरी शेत आहे, बांधावर बाभूळ आहे, गोठ्यात शेण आहे, त्यांना नाल्याकाठच्या सरपणाची गरज नव्हती. माझ्या घरीही नव्हती. गरज होती ती बिनजमिनीच्या दहापंधरा घरांना. त्या बायका सभेत होत्या. कायद्याप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. वहीत ती संख्या पुरी भरली होती. त्या मागे सतरंजीवर बसल्या होत्या. शेवटी "ठीक आहे ना बायांनो?" असे विचारले आणि सगळ्यांनी मान हलवली. त्या मानेची मी "सर्वानुमते" अशी नोंद केली.

दहा वर्षे राखीव तुकडा वाढला, त्याचे कौतुक सर्व गावाला मिळाले. त्यासाठी चालावे लागले ते त्या दहापंधरा जणींना.

त्या रात्री मी आराखड्याची प्रत काढून पुन्हा वाचली. वनविभागाची कार्य आयोजनाही दहा वर्षांची असते आणि मुदत संपली की नवी करतात. आपल्या आराखड्याला मात्र कोणी हात लावला नव्हता. तो समितीच्या कपाटात होता आणि एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. मी समितीला म्हटले, आता हा नव्याने केला पाहिजे. समितीने मान्य केले, पण काम कोणी करायचे? तेव्हा आपले मंडळ पुढे आले. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यायची असते, ही तरतूद आहेच. एरवी ती पाच मिनिटांत उरकते. २०२४ साली आपण ती चार दिवस घेतली, दुपारची, भांडी घासून झाल्यावर.

नकाशा कागदावर काढायचा नाही, असे ठरले. कागद पाहिला की निम्म्या बायका मागे सरतात. आपण याच अंगणात रांगोळीने रान काढले. नाला निळा, पायवाटा पांढऱ्या, टेकडी गेरूची. मग प्रत्येकीने आपापली झाडे दाखवायची. चिंचोके ठेवले मोहासाठी, गहू ठेवले चारोळीसाठी, काडी ठेवली सरपणासाठी. जिथे वाघाचा माग दिसला तिथे कोळसा. ज्या कधी सभेत तोंड उघडत नाहीत त्या भांडू लागल्या, "अगं, ते झाड माझ्या आजेसासूचे!" मला फार बरे वाटले. भांडण होते तेव्हा माणसे खरे बोलतात.

चौथ्या दिवशी अंगणाकडे पाहिले तर कोणी न सांगता कळले. नाल्याजवळ काही नव्हते. चिंचोके आणि काड्या साऱ्या टेकडीपलीकडे गेल्या होत्या, आणि कोळसेही तिथेच होते.

आता नव्या आराखड्यात काय आले ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, नाल्याकाठच्या तुकड्याचे चार भाग केले. दरवर्षी एक भाग सरपणासाठी उघडा, तीन बंद. उघड्या भागातही कुऱ्हाड चालायची नाही. वाळलेले, पडलेले आणि हाताने मोडेल तेवढेच घ्यायचे. त्यात बिनजमिनीच्या घरांचा हक्क पहिला. कोणी म्हणेल, आता घरोघरी गॅस आला आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेतून शेगड्या आल्या हे खरे. पण टाकी संपली की दुसरी भरायला पैसे लागतात, म्हणून चहा गॅसवर आणि भात चुलीवर, असे पुष्कळ घरांत चालते. ते लपवून आराखडा करता येत नाही.

दुसरी गोष्ट, त्या तुकड्यातल्या मोहाच्या झाडांवर जुन्या घराण्यांचा वेचण्याचा हक्क परत आला. झाडाला हात लावायचा नाही, फक्त फूल.

तिसरी गोष्ट विस्तवाची. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची आपली जुनी सवय. तो विस्तव पसरतो, रोपे मरतात, जमिनीवरची अंडी जळतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ आणि मोह गळतो तो त्याच काळात. आता पाला जाळायचा नाही, खराट्याने झाडायचा. जमल्यास झाडाखाली जुनी लुगडी चार खुंट्यांना बांधायची. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहते. झाडाखाली वाकून हिंडावे लागत नाही, हा आपल्या दृष्टीने मोठा लाभ.

चौथी गोष्ट वेळेची. उजाडल्याशिवाय जायचे नाही हा नियम ठेवला, पण एकटादुकटीने जायचे नाही हेही जोडले. पाच जणींची टोळी, त्यांतल्या दोघींनी उभे राहून पाहायचे. पाहणाऱ्या दोघींचे त्या दिवशी वेचणे बुडते, म्हणून टोळीचे फूल एकत्र करून पाच सारखे वाटे करायचे. हे कलम पुढच्या रांगेतल्या आपल्या बहिणीने सुचवले. माझ्या डोक्यात ते आले नसते.

हा आराखडा ग्रामसभेत गेला तेव्हा काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे. मागून आवाज आला, "दहा वर्षे जीव लावून राखलेले रान आता बायकांना तोडायला द्यायचे काय?" मला राग आला नाही. ज्या माणसाने हे म्हटले त्याने रात्री-बेरात्री त्या तुकड्याची राखण केली आहे. त्याची भीती खोटी नव्हती. एकदा दार किलकिले केले की सारेच आत शिरतात, हे आपण इतर गावांत पाहिले आहे.

कोणी पाचगावचे उदाहरण दिले. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने आपला हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणे बंद केले. फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, म्हणून मिळकत सोडली. मोठ्या मनाचे गाव. आपणही तसेच मन मोठे करावे, असे ते म्हणाले. मी म्हटले, पाचगावाच्या हाती बांबूचे उत्पन्न होते, त्यावर ते उभे राहिले. आपल्या रानात बांबू तुरळक. शिवाय त्यांनी सोडले ते सर्व गावाने मिळून सोडले. आपण २०१४ साली सोडले ते दहापंधरा घरांचे सोडले आणि त्या घरांना विचारले नाही. मन मोठे करायचे तर ते स्वतःच्या ताटातले देऊन करावे.

मग ती उठली. तिने भाषण केले नाही. ती त्या राखणदाराला म्हणाली, "भाऊ, रान बंद ठेवून मी लाकूड आणायचे थांबवले नाही. मी फक्त लांबून आणले. जवळचे उघडा, मीच राखीन. घरून दिसते मला."

त्यावर फारसे कोणी बोलले नाही. तीन वर्षे करून पाहू, नुकसान दिसले तर पुन्हा बसू, अशी अट घालून ठराव झाला. या वेळी मी "सर्वानुमते" असे लिहिण्यापूर्वी सतरंजीवर जाऊन एकेकीला विचारले. दोघींनी हरकत सांगितली. ती वहीत लिहिली आहे.

त्या दोन हरकतींविषयी सांगितले नाही तर माझे सांगणे अपुरे राहील. एक शेळ्यांची. ज्यांच्याकडे चारदोन शेळ्या आहेत त्यांना चराईची जागा नव्या आराखड्यातही नीट मिळालेली नाही. शेळी कोवळा शेंडा सोडत नाही, आणि शेळी विकली तरच आजारपणाचा पैसा निघतो. दोन्ही खरे. दुसरी हरकत टेकडीपलीकडच्या शिवेची. ती शेजारच्या गावाशी वादात आहे आणि त्यांच्याशी बोलल्यावाचून आपण तिथे नियम करणे व्यर्थ आहे. त्या गावीही महिला मंडळ आहे. पुरुषांची बैठक होईल तेव्हा होवो, आपण त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवावे, अशी माझी सूचना आहे. तिळगूळ देता देता शिवेचे बोलता येईल.

यंदाचा मोहाचा हंगाम नव्या पद्धतीने झाला. दोन टोळ्यांनी नियम पाळला, एका टोळीने चार दिवसांत मोडला, कारण वाट्यावरून कुरबूर झाली. लुगडी थोड्याच झाडांखाली बांधली गेली. पाला मात्र कोणी जाळला नाही, आणि कोणाला इजा झाली नाही. एका हंगामावरून फुशारकी मारू नये. वाघ आहे तो आहेच.

आता मंडळाच्या सभासदांना माझी तीन कामे सांगायची आहेत. घरातली फाटकी लुगडी बोहारणीला देऊ नका, पौष संपेपर्यंत मंडळाच्या खोलीत आणून टाका. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जाळरेषा काढायची आहे, त्या श्रमदानाला प्रत्येक घरातून एक जण हवा, मग तो बाप्या असो की बाई. आणि मंडळाने एक वही घातली आहे. कोण कोठे गेले, काय आणले, काय दिसले, हे महिन्याच्या बैठकीत त्या वहीत सांगून लिहून घ्यायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी आणि आठवीतल्या मुली बसू. तीन वर्षांनी आराखडा पुन्हा उघडू तेव्हा आपल्याला आठवणीवर भिस्त ठेवावी लागणार नाही.

नाल्याकाठचा पहिला भाग मार्गशीर्षात उघडेल. मी त्या दिवशी तिच्याबरोबर जाणार आहे. मोळी बांधायची मला सवय नाही, ती शिकवीन म्हणाली आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी यावे.